तळ्याने परत दिलेले मूल : लोककथेचे पुनर्कथन आणि दोषमुक्तीचा प्रश्न

लोककथेला कर्ता नसतो. कर्ता नसल्यामुळे तिला मालक नसतो. आणि मालक नसल्यामुळे तिचे काय करावे, हे सांगण्याचा अधिकारही कोणाला नसतो. आधुनिक कादंबरीतील लोककथेच्या पुनर्कथनाविषयी चर्चा सुरू झाली, की हा युक्तिवाद कोणत्या ना कोणत्या रूपात पुढे येतो. त्यातील पहिली दोन विधाने बव्हंशी मान्य करता येतील. तिसरे विधान मात्र पहिल्या दोहोंतून निष्पन्न होत नाही. मालकी नसणे आणि उत्तरदायित्व नसणे या भिन्न गोष्टी आहेत. नदी कोणाच्या मालकीची नसते. म्हणून तिचे पाणी वळविणाऱ्याला कोणालाच जाब द्यावा लागत नाही, असे होत नाही. पुनर्कथन करणारा लेखक कोणाला आणि कशाबद्दल उत्तरदायी असतो, हा प्रश्न एका मराठी कहाणीच्या आणि एका मराठी भूभागाच्या संदर्भात तपासून पाहणे उद्बोधक ठरेल.

कहाणी शिळासप्तमीची आहे. छापील कहाणीसंग्रहांत आढळणाऱ्या तिच्या पाठाचे कथासूत्र असे : राजा गाव वसवितो, तळे बांधतो, पण तळ्याला पाणी लागत नाही. जलदेवतांची प्रार्थना केल्यावर त्या राजाच्या सुनेचा वडील मुलगा बळी मागतात. पाण्यावाचून प्रजेचे हाल होत असतात. पण सून या गोष्टीला मान्यता कशी देणार, ही राजाची अडचण आहे. तो तिला माहेरी पाठवितो आणि मुलाला ठेवून घेतो. मग मुलाला न्हाऊमाखू घालून, दागिने लेववून तळ्यात सोडले जाते, तळे भरते. श्रावण शुद्ध सप्तमीला सून भावाबरोबर सासरी परतत असताना वाटेत ते भरलेले तळे लागते. तिला आपल्या वशाची आठवण होते. ती तळ्याची पूजा करते, वाण देते आणि आपल्या वंशातले जे कोणी बुडाले असेल ते परत मिळावे, अशी प्रार्थना करते. पाण्यात मुलगा तिचे पाय धरतो. त्याला कडेवर घेऊन ती घरी जाते. राजा चकित होतो, आम्ही तुझा मुलगा बळी दिला होता असे सांगतो, आणि तो कसा परत आला ते विचारतो. ती वशाचे फळ सांगते; राजाची तिच्यावरील ममता वाढते.

या कथेच्या संरचनेतील दोन जागा नैतिक दृष्ट्या महत्त्वाच्या आहेत. पहिली जागा म्हणजे सुनेला माहेरी पाठविणे. राजापुढे धर्मसंकट आहे हे कहाणीला मान्य आहे. प्रजेची तहान खोटी नाही. परंतु जिचे मूल जाणार तिला विचारले तर ती नकार देईल, हे जाणूनच तिची अनुपस्थिती घडवून आणली जाते. बळीचे क्रौर्य देवतेच्या नावावर टाकता येते. संमती चुकविण्याची ही युक्ती मात्र संपूर्णपणे राजाची आहे. दुसरी जागा राजाच्या कबुलीची. मूल डोळ्यांसमोर जिवंत उभे राहिल्यावर ती दिली जाते. म्हणजे ज्या क्षणी कबुलीची काहीच किंमत मोजावी लागत नाही, त्या क्षणी. मूल परत आले नसते तर राजा काय बोलला असता, हे कहाणी सांगत नाही. तिच्यात राजाला शिक्षा नाही, पश्चात्तापही नाही. ‘सुफळ संपूर्ण’ होण्याच्या घाईत एक हिशेब उघडाच राहतो.

आधुनिक कादंबरीकार अशा कथेकडे वळतो तेव्हा साहजिकच शेवटापाशी थबकतो. वास्तववादाच्या संस्कारात वाढलेल्या लेखकाला मुलाचे परत येणे ही भाबडी सांत्वना वाटते. ती छाटून टाकली की कथा कठोर, आणि म्हणून अधिक सत्य होईल, असे त्याला वाटते. याला आधार म्हणून शेजारच्या कन्नड लोकपरंपरेतील ‘केरेगे हार’ या कथागीताकडे बोट दाखविता येईल. तेथेही तळ्याला पाणी लागत नाही. तेथे बळी मागितला जातो तो धाकट्या सुनेचा, भागीरथीचा. ती परत येत नाही. उलट सैन्यातून आलेला तिचा नवराच तिच्यामागे तळ्यात उडी घेतो. मग मराठी कहाणीने याच आशयसूत्राला मवाळ केले, असे म्हणावे काय?

असा निष्कर्ष काढण्यापूर्वी कहाणीचे प्रयोगरूप ध्यानात घेतले पाहिजे. कहाणी ही केवळ संहिता नव्हे; ती व्रताचे अंग आहे. ती सांगणाऱ्या आणि हातात अक्षता धरून ऐकणाऱ्या बायकांच्या दृष्टीने मुलाचे परत येणे ही घडलेल्या घटनेची बातमी नसते. ते मागणे असते. राजाने जिला निर्णयाच्या वेळी दूर ठेवले, ती निर्णयानंतर तळ्याच्या काठी उभी राहून थेट जलदेवतेशी बोलते. राजाला वगळून ती व्यवहार पुन्हा उघडते आणि आपले मूल परत मागते. म्हणजे कहाणीचा सुखान्त हा एका अर्थी अपील आहे. तो छाटून टाकणारा लेखक भाबडेपणा छाटतो आहे असे समजतो. प्रत्यक्षात त्या स्त्रीला मिळालेली बोलण्याची एकमेव जागा तो काढून घेत असतो.

उलट, शेवट जसाच्या तसा ठेवल्यानेही प्रश्न सुटत नाही. व्रताच्या चौकटीत जे मागणे होते, ते कादंबरीच्या चौकटीत विधान होऊन बसते. एकट्याने मूकपणे वाचणाऱ्या वाचकाच्या हाती अक्षता नसतात. त्याच्यापर्यंत पोचते ते एवढेच, की बळी दिला तरी अखेरीस कोणाचे काही गेले नाही. म्हणूनच कादंबरीतील पुनर्कथनाची कसोटी मूळ पाठाशी असलेल्या निष्ठेत शोधता येत नाही आणि त्याच्याशी केलेल्या बंडखोरीतही शोधता येत नाही. ती अन्यत्र आहे : हे पुनर्कथन कोणाला दोषमुक्त करते? ग्रिम बंधूंच्या संग्रहात १८१२ साली हिमगौरीच्या जिवावर उठणारी तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र आई झाली. एका नात्याच्या फेरबदलाने मातृत्वाची प्रतिमा निष्कलंक राहिली आणि सगळा दोष परक्या बाईवर गेला. निवेदनातला हा बदल दिसायला लहान आहे. न्यायनिवाडा म्हणून तो मोठा आहे.

हा प्रश्न मुळशीच्या भूमीवर आणला की त्याची धार वाढते. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेस, मुळा आणि निळा या नद्यांच्या खोऱ्यात टाटांच्या वीज कंपनीने धरण बांधण्यास घेतले, तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी लोकांनी दिली ती याच लढ्यात. लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला. धरण झाले, सुमारे ५० गावांच्या जमिनींना जलसमाधी मिळाली, आणि घाटाखाली भिरा येथे निर्माण झालेली वीज मुंबईकडे गेली. राजेंद्र व्होरा यांच्या अभ्यासाने या लढ्याचे एक कटू अंग स्पष्ट केले आहे : कागदोपत्री ज्यांची मालकी होती त्या पुण्यातील सावकार-जमीनदारांचा कल मोबदला घेऊन मोकळे होण्याकडे होता, जमीन कसणाऱ्या मावळ्याच्या दृष्टीने मोबदल्याचा प्रश्नच अप्रस्तुत होता.

अशा भूमीवर कादंबरी लिहू पाहणाऱ्याला शिळासप्तमीची कहाणी हाताशी आयती मिळते. धरण म्हणजे तळे, बुडालेले गाव म्हणजे मूल, आणि पाठवणी झालेली सून म्हणजे जिला कोणी विचारले नाही ती कष्टकरी रयत. संमती देण्याचा अधिकार आजोबाकडे आणि वियोग आईकडे, ही कहाणीतील विषम वाटणी सावकार आणि कुळ यांच्या नात्यात जशीच्या तशी उतरते. रूपक म्हणून हे इतके नेमके बसते, की त्याविषयी सावधच असले पाहिजे. कारण ते बसविताना एक गोष्ट नकळत घडते. कहाणीत बळी जलदेवता मागते. मुळशीत तो कोणा देवतेने मागितलेला नव्हता. तेथे एक कंपनी होती, १८९४ चा भूसंपादन कायदा होता, ‘सार्वजनिक हित’ ही संज्ञा होती आणि तिचा अर्थ ठरविणारे सरकार होते. शिवाय कहाणीतील पाणी त्याच गावाची तहान भागविते. मुळशीचे पाणी मुळशीच्या तहानेसाठी अडविलेले नव्हते. रूपकाच्या ओघात कंपनीची जलदेवता झाली, तर निर्णय नियती बनतो आणि निर्णय घेणारे अदृश्य होतात.

लोककथेचा असा उपयोग होऊ शकतो, याचे भान बाल्कन प्रदेशातील दोन कादंबऱ्यांत विलक्षण तीव्र आहे. बांधकाम टिकावे म्हणून जिवंत माणसाला भिंतीत चिणल्याची कथा त्या प्रदेशात सर्वत्र प्रचलित आहे. इस्माईल कादारे यांच्या ‘तीन कमानींचा पूल’ (१९७८) या अल्बेनियन कादंबरीतील निवेदक एक भिक्षू आहे. लोककथा गोळा करणारा एक प्रवासी त्याच्याकडून ही चिणल्याची कथा बारकाव्यांसह जाणून घेतो. पुढे पुलात एक सामान्य गवंडी चिणलेला सापडतो, आणि भिक्षूला कळून चुकते, की आपण सांगितलेली कथा एका खुनाचे आवरण म्हणून वापरली गेली आहे. इव्हो आंद्रिच यांच्या ‘द्रीना नदीवरील पूल’ (१९४५) या कादंबरीत याची दुसरी बाजू दिसते. पुलाच्या बांधकामावर वेठीला धरलेले शेतकरी रात्री काम उद्ध्वस्त करतात आणि ही करणी नदीतल्या परीची आहे, अशी वावडी उठवितात. त्यांच्यातल्या रादिसावला पकडून सुळावर दिले जाते. त्याच कादंबरीत आरंभी पुलाच्या खांबांत चिणलेल्या जुळ्या बाळांची आणि त्यांना पाजण्यासाठी आईकरिता ठेवलेल्या झरोक्यांची दंतकथा आहे. आंद्रिच दंतकथा खोडून काढत नाहीत. सुळावरच्या माणसाचा वृत्तांत तिच्याशेजारी मांडून ठेवतात. दोन्ही एकत्र वाचणाऱ्या वाचकाला कळते, की कथेतील दूध आणि इतिहासातील रक्त एकाच दगडावरून ओघळले आहे.

कादारे यांच्या कादंबरीत कथा बांधणाऱ्यांच्या कामी येते, आंद्रिच यांच्या कादंबरीत ती विरोध करणाऱ्यांचे शस्त्र होते. तात्पर्य, लोककथा स्वतः कोणत्याही पक्षाची नसते. तिचा पक्ष सांगण्याच्या क्षणी ठरतो. आणि म्हणूनच सांगणाऱ्याचे उत्तरदायित्व टळत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. मग धरणाच्या अनुभवासाठी लोककथेची गरजच काय? विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ने (१९९१) धरणग्रस्तांची फरफट कार्यालये, कागदपत्रे आणि पुनर्वसनाच्या गैरव्यवहारांसह उभी केली, ती कोणत्याही जलदेवतेच्या मदतीवाचून. आक्षेप बिनतोड वाटला, तरी तो एक गोष्ट गृहीत धरतो : लोककथा ही वास्तवावर चढवायची झूल आहे. ज्यांच्या तोंडी ती असते त्यांच्या बाबतीत हे खरे नाही. मुळशी-मावळच्या डोंगरी गावांतून हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या जमविल्या. त्यांच्या प्रकल्पाचा संग्रह पुढे महाराष्ट्रभर विस्तारून एक लाखाच्या वर गेला, आणि २०१७ पासून तो ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहातून प्रकाशित होऊ लागला. या ओव्यांतील सीता वाल्मीकीची उरत नाही. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आढळणारी एक कल्पना अशी, की सीतेचा सासुरवास एकटीला सोसवेना एवढा झाला, म्हणून तो देशोदेशीच्या बायकांत वाटला गेला. दळणारी बाई आपल्या वाट्याला आलेल्या तुकड्यावरून सीतेला ओळखते. हेही पुनर्कथनच आहे. आणि त्यात रामाला दोषमुक्त करण्याची घाई नाही. महाकाव्याने जे दुःख एका राणीच्या नावे केले, ते येथे वाटणीने पुन्हा सर्वांचे होते.

या संग्रहाची आणखी एक बाजू पुनर्कथनाच्या नीतीशी निगडित आहे. तेथे ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव नोंदलेले असते. ओवी तिने रचलेली नसेल, तिची मालकीही नसेल. तरीही ती कोणाच्या कंठातून आली, याला महत्त्व दिलेले आहे. ‘लोक’ या सामूहिक संज्ञेआड एकेक माणूस नाहीसा होतो, हे लोकसाहित्याच्या अभ्यासाचे जुने दुखणे. कादंबरीकाराने ते वारशाने घेण्याचे कारण नाही.

शिळासप्तमीच्या कहाणीचे मुळशीच्या भूमीवर पुनर्कथन करता येईल काय, या प्रश्नाचे उत्तर मग होकारार्थीच द्यावे लागते. मात्र काही अटींवर. देवतेने मागितले आणि माणसांनी ठरविले यांतील भेद निवेदनाने पुसता कामा नये. मूल परत आले असे सांगायचे तर ते कोणाचे मागणे आहे, हे ऐकू आले पाहिजे. परत आले नाही असे सांगायचे तर मागणाऱ्या बाईला तळ्याच्या काठी उभे राहू दिले पाहिजे. आणि राजाची कबुली मूल वर येण्याआधी, तळे नुसते भरलेले असताना, मागितली पाहिजे. कहाणीला तो प्रश्न विचारता आला नाही, कारण तिला त्याच श्रावणात, त्याच घरात, त्याच सासऱ्याच्या छपराखाली सांगितले जायचे होते. कादंबरीवर तसे कोणतेही बंधन नाही. तिला मिळालेले स्वातंत्र्य खरे असेल, तर ते येथे वापरायचे आहे.