आव्यातले मडके आणि ताऱ्यातले अणुकेंद्र

अहिल्यानगर जिल्ह्यात संगमनेरजवळ, प्रवरेकाठच्या जोर्वे येथे डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया व शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केले आणि त्या गावाच्या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीची, तांबड्या अंगावर काळी नक्षी असलेली भांडी उजेडात आली. ती इतकी पक्की भाजलेली आहेत की टिचकी मारताच धातूसारखी खणखणतात. काळपट माती आव्यातून तांबडी होऊन निघते, तेव्हा निघालेले मडके तेच की दुसरे, या प्रश्नावर भारतीय दर्शनांत मोठा वाद झाला. वैशेषिकांच्या पीलुपाकवादानुसार (पीलू म्हणजे परमाणू) अग्नीने घट परमाणूंपर्यंत विघटित होतो, परमाणूंचा रंग पालटतो आणि त्यांतून नवा घट उभा राहतो. नैयायिकांच्या पिठरपाकवादानुसार (पिठर म्हणजे मडके) घट न मोडता अखंडच भाजला जातो.

ताऱ्यांच्या भट्टीतही हाच प्रश्न उभा राहतो. लोखंडापेक्षा जड मूलद्रव्ये बहुतांशी अणुकेंद्रांनी न्यूट्रॉन ग्रहण केल्याने घडतात. परंतु सेलेनियम-७४ पासून पारा-१९६ पर्यंतची सुमारे ३५ समस्थानिके, म्हणजे मूलद्रव्यांची निराळ्या न्यूट्रॉनसंख्येची रूपे, प्रोटॉनसमृद्ध असल्याने त्या वाटेवर येतच नाहीत. बर्बिज दांपत्य, फाउलर आणि जयंत नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल या शास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये त्यांच्यासाठी वेगळी प्रक्रिया मांडली. आजच्या समजुतीनुसार प्रचंड ताऱ्याच्या स्फोटात २ ते ३ अब्ज केल्विन तापमानाला गॅमा किरण आधीच घडलेल्या जड अणुकेंद्रांतून न्यूट्रॉन उडवून लावतात. हा ताप जेमतेम सेकंदभर टिकतो म्हणूनच ही समस्थानिके उरतात, कारण तो लांबला असता तर मोडतोड लोखंडापर्यंत जाऊन पोचली असती.

येथे घट अखंड राहत नाही आणि पुरता विघटितही होत नाही. न्यूट्रॉन गेला तरी मूलद्रव्य तेच राहते, प्रोटॉन गेला की ते दुसरे होते. म्हणजे 'तेच की दुसरे' याचे उत्तर काय गळाले यावर अवलंबून आहे, आणि निर्मिती केवळ भर घालण्याने होते हा समज येथे टिकत नाही. मात्र मॉलिब्डेनमचा जवळजवळ चौथा हिस्सा त्याच्या ९२ व ९४ या अशाच दोन समस्थानिकांचा आहे, आणि या भट्टीच्या गणिताने त्यांचा हिशेब अजून लागलेला नाही.