शिल्लक पुढे ओढली

बँकेचा एक साधा धर्म आहे: कालची अखेरची शिल्लक तीच आजची आरंभीची. कारकून बदलला तरी आकडा बदलत नाही. डीजेवाल्याचा धर्म तरी दुसरा कुठे आहे? यंत्र बदलायचं तर नव्याच्या इक्वलायझरच्या खुंट्या आधी मधोमध आणाव्यात, हेडफोन लावून त्याचा आवाज जुन्याच्या काट्याशी जुळवावा, अन् मगच कळ फिरवावी.

पण अकोला असो की अमरावती, वरातीत यंत्र बदललं की कोणीतरी ओरडतंच, "भाऊ, जराक वाढव ना!" हे 'जराक' तीन डेसिबलचं असलं तरी यंत्राकडून दुप्पट ताकद मागतं. कानाला मात्र फरक थोडाच कळतो. म्हणून पुन्हा 'जराक'. शेवटी मिक्सरचा लाल दिवा लागतो, आवाज फाटतो अन् घोडी बिथरते.

गंमत अशी, की एकच गाणं दोनदा वाजवा. किंचित मोठं वाजलेलं कानाला सरस वाटतं. म्हणजे निवाड्याआधी पातळी सारखी करणं, हाच खरा न्याय! घरी अन् कचेरीत मोठ्यानं बोलणारा बरोबर ठरतो, तो याच हिशेबानं.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावरच्या भोंग्याला एरवी बंदी घातली आहे. माणसाच्या भोंग्याला तसा नियम नाही, बाप्पा! तिथे खुंटी ज्याची त्याच्याच हाती. समोरच्याची उतरवता येत नसेल, तर आपली उतरवून पाहावी. कदाचित तो काय म्हणतो, ते तरी ऐकू येईल.