घडी घातल्यावर दिसणारं चित्र

निवांत बसा. पाठ टेकू द्या, हात मांडीवर सैल सोडा. पुढची काही मिनिटं एकाच वस्तूकडे बघायचं आहे: व्हेरा न्यूमन या अमेरिकी डिझायनरचा छापील रेशमी स्कार्फ. तिचे स्कार्फ न्यूयॉर्कच्या कूपर ह्युइट संग्रहालयाच्या संग्रहात आहेत. पॉपीची फुलं व्हेरानं पुन्हापुन्हा रंगवली. तसलाच एक स्कार्फ मनासमोर आणा, सपाट पसरलेला.

उजेड मंद आहे. डोळ्यांना सवय होऊ द्या. उजेडानं रेशमाचं होणारं नुकसान साचत जातं आणि उडालेला रंग परत येत नाही. म्हणून संग्रहालयं अशा कापडावर साधारण ५० लक्सपेक्षा जास्त प्रकाश पडू देत नाहीत, आणि एरवी ते अंधारात, आम्लरहित कागदात ठेवतात.

फुलांकडे लगेच जाऊ नका. आधी काठ बघा. कापडाची कड बोटांनी वळवून आत घेतली आहे आणि बारीक टाक्यांनी धरली आहे. काठ किंचित गोल, जरासा फुगीर. नजर त्याच्यावरून चारही बाजूंनी सावकाश फिरवा. कोपऱ्यापाशी थांबा, वळवायला सगळ्यात अवघड जागा तीच.

आता फुलात या. लाल फटकारा बघा: सुरुवातीला भरगच्च, शेवटाकडे विरत गेलेला. व्हेरानं तो कागदावर ब्रशनं ओढला. कापडावर मात्र तो छपाईच्या जाळीतून उतरला. प्रत्येक रंगाची जाळी वेगळी. एक रंग छापायचा, मग त्याच जागी नेमकी दुसरी जाळी बसवायची. लालावर केशरी चढतो तिथे तिसरीच छटा उमटते. जुळणी केसभर सरकली तर दोन रंगांमध्ये पांढरी फट राहते. अशी फट दिसली तर तिच्याजवळ थोडं रेंगाळा. तिथे छापणाऱ्याचा हात दिसतो.

श्वास संथ चालू द्या, आणि रंगांखाली असलेल्या कापडाचा विचार करा. १९४२ च्या सुमारास व्हेरा आणि तिचा नवरा जॉर्ज घरातल्या टेबलावर मावेल एवढ्या जाळीवर छपाई करू लागले. जाळी लहान, म्हणून पहिला माल टेबलमॅटचा. युद्धामुळे लिनन मिळेनासं झालं. तेव्हा व्हेराला लष्कराच्या शिल्लक मालात पॅराशूटचं रेशीम सापडलं, आणि तिचे स्कार्फ तिथून सुरू झाले. आकाशातून उडी घेणाऱ्या माणसाचा भार पेलायला आणलेलं कापड, आणि त्यावर फुलं. या गोष्टीपाशी हवा तितका वेळ थांबा. मला स्वतःला इथून लवकर हलता येत नाही.

आता सही शोधा. ‘व्हेरा’, एवढंच, आणि पुढे तिच्या सह्यांसोबत येणारा छोटा लेडीबग. चित्रकार कॅनव्हासवर सही करतो तशी तिनं दुकानात विकायच्या कापडावर केली. लहानपणी वडील तिला दर रविवारी मेट्रोपोलिटन संग्रहालयात नेत. कला सगळ्यांना परवडावी, रोज अंगावर वागवता यावी, या हट्टानं ती आयुष्यभर काम करत राहिली.

आता मनातल्या मनात स्कार्फ उचला. रेशीम थंड लागतं, आणि हातात धरून ठेवलं की लगेच ऊब धरतं. त्रिकोणी घडी घाला. अर्धी फुलं आत गेली. आणखी दोन वळणं द्या आणि गळ्याभोवती गाठ मारा. काय उरलं? एक लाल पाकळी, देठाचा तुकडा, कदाचित सहीतलं एखादं अक्षर. रस्त्यानं जाणाऱ्याला एवढंच दिसायचं. उद्या वेगळी घडी पडेल, वेगळं चित्र दिसेल. ते चित्र कोणतं, हे स्कार्फ वापरणारी बाई रोज आरशासमोर ठरवायची, आणि ती मोकळीक स्कार्फातच होती.

२०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ आर्ट्स अँड डिझाइननं व्हेराच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं. ती १९९३ मध्येच गेली होती. असे स्कार्फ जपले जातात याचा मला फार आनंद आहे. पण पसरून मांडलेला चौकोन म्हणजे स्कार्फ पूर्ण पाहिला असं मी मानत नाही. संग्रहालयांनी प्रत्येक स्कार्फाशेजारी तो बांधलेल्या कुणाचं तरी छायाचित्र लावायलाच हवं.