दोष मनाचा की हत्याराचा?

दिनांक १४ डिसेंबर २०१२. चीनच्या हेनान प्रांतातील एका खेड्यातल्या शाळेत एक माणूस सुरा घेऊन शिरला. त्याने २३ मुलांवर व एका वृद्ध स्त्रीवर वार केले. त्याच दिवशी अमेरिकेतील सँडी हुकच्या शाळेत एक तरुण धडाधड गोळ्या झाडणारी रायफल घेऊन शिरला. चीनमधील सर्व मुले वाचली. सँडी हुकमध्ये २० मुले व ६ मोठी माणसे मृत्युमुखी पडली.

“बंदूक मारीत नाही, माणूस मारतो,” असे अमेरिकेतील बंदूकवाले सांगतात. वाचकहो, हे वाक्य चटकन खोडता येत नाही. हिंसा आधी मनात जन्मते, हे आपणही मानतो. पण त्या दिवशी दोघांचीही मने बिघडलेलीच होती. फरक हातातील वस्तूचा होता. मने सुधारण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. तोवर मुलांनी काय करावे?

सँडी हुकनंतर सारी अमेरिका रडली. एप्रिल २०१३ मध्ये बंदूक घेणाराची पूर्वचौकशी वाढविण्याची सूचना सिनेटपुढे आली. ५४ मते अनुकूल पडली. हवी होती ६०. दरम्यान लोकांनी भीतीपोटी आणखी बंदुका विकत घेतल्या. आणि मथळ्यांत न येणारी गोष्ट ही, की त्या देशात बंदुकीने मरणारांपैकी निम्म्याहून अधिक लोक आत्महत्या करणारे असतात. सामूहिक गोळीबाराचे बळी त्या मानाने फार थोडे. चोरासाठी आणलेली बंदूक घरच्याच खचलेल्या माणसाच्या हाती लागते.

मग निरपराध्याने आपली बंदूक का द्यावी? प्रश्न रास्त आहे. ऑस्ट्रेलियात तो खरोखरच उभा राहिला. २८ एप्रिल १९९६ रोजी पोर्ट आर्थर येथे एकाने ३५ जणांना ठार केले. पंतप्रधान जॉन हॉवर्ड उजव्या विचारांचे. बंदुका बाळगणारे शेतकरी त्यांच्याच आघाडीचे मतदार. तरी १२ दिवसांत सर्व राज्यांशी करार झाला. स्वसंरक्षण हे परवान्याचे कारण धरले जाणार नाही, असे ठरले. सुमारे साडेसहा लाख बंदुका परत घेतल्या, पण जप्त करून नव्हे, मोबदला देऊन; त्यासाठी जादा कर बसविला. म्हणजे ज्याच्याजवळ बंदूक नव्हती त्यानेही भार उचलला. मला यातील न्याय मोठा वाटतो. चिडलेल्या सभेपुढे हॉवर्ड कोटाखाली गोळीरोधक जाकीट घालून गेले. कोणी गोळी झाडली नाही, आणि जाकिटाचा त्यांना पुढे पश्चात्ताप झाला.

१४ डिसेंबर २०२५ रोजी सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर ज्यूंच्या सणात बाप-लेकांनी १५ जणांचे प्राण घेतले. बापाच्या नावावर परवान्याच्या ६ बंदुका होत्या. कायदा फुकट गेला, असे कोणी म्हणेल. तेथील सरकारने मात्र एका माणसाला बंदुका लागतात तरी किती, हा प्रश्न पुन्हा हाती घेतला.