फेलिक्स वारेला : श्रद्धा आणि राजसत्ता

राजाची आज्ञा मोडणे हे पाप आहे का? स्पॅनिश वसाहतकाळातील क्यूबात हा प्रश्न विचारणारा माणूस स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता. फेलिक्स वारेला यांचा जन्म १७८८ मध्ये हवानात झाला. तेथील सान कार्लोस सेमिनरीत ते तत्त्वज्ञान शिकवत. लॅटिनमधील घोकंपट्टी बाजूला सारून त्यांनी स्पॅनिशमधून, प्रयोग आणि अनुभव यांच्या आधारे अध्यापन केले. १८२१ मध्ये तेथेच ते राज्यघटना शिकवू लागले.

पुढे क्यूबाचे प्रतिनिधी म्हणून ते स्पेनच्या संसदेत गेले आणि गुलामगिरी संपवण्याचा मसुदा त्यांनी तयार केला. साखरेच्या मळ्यांवर श्रीमंत झालेल्या हवानाला तो रुचणे शक्यच नव्हते. १८२३ मध्ये स्पेनचा राजा फर्नांडो सातवा याची निरंकुश सत्ता परतली. संसदेत राजाविरुद्ध मत दिलेल्या वारेलांना मृत्युदंड ठोठावला गेला. ते न्यूयॉर्कला निसटले. अमेरिकेतून त्यांनी ‘एल हाबानेरो’ या नियतकालिकातून स्वातंत्र्याचा पुरस्कार केला.

‘कार्तास आ एल्पिडिओ’ या पत्ररूप ग्रंथात त्यांचा विचार सर्वांत स्पष्ट दिसतो. अश्रद्धा माणसाचा अंतरीचा लगाम काढून घेते, तर अंधश्रद्धा जुलमी राजाला देवाचा मुखवटा पुरवते. म्हणून दोन्ही स्वातंत्र्याला घातक, असा त्यांचा युक्तिवाद. नास्तिकांवरील त्यांची टीका आज एकांगी वाटते. धर्माच्या आडून चालणाऱ्या सत्तेची त्यांनी केलेली चिकित्सा मात्र भक्कम आहे. न्यूयॉर्कमध्ये गरीब आयरिश स्थलांतरितांची सेवा करत राहिलेले वारेला १८५३ मध्ये फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीन येथे वारले.