आकड्यातून नावाकडे

साताऱ्याकडे किंवा कोकणात फिरताना चावडीच्या नाहीतर जुन्या शाळेच्या भिंतीत एखादी संगमरवरी पाटी दिसते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर या गावातून इतके लोक गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. नाव एकाचंही नाही. बसऱ्याच्या स्मारकाचीही हीच कथा. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पडलेल्या ज्या चाळीस हजारांहून अधिक सैनिकांची कबर सापडली नाही, त्यांच्यासाठी ते उभारलं. पण दगडावर नावं चढली ती गोऱ्या सैनिकांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची. साध्या भारतीय शिपायांची पलटणवार फक्त संख्या. हा अन्याय होता, आणि तो जाणूनबुजून झाला.

म्हणून आपल्याकडे पणजोबांचा शोध हा आकड्याकडून नावाकडे करावा लागतो. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रापाशी लोक मोठ्या आशेने जातात आणि सांगतात, 'आमचे पणजोबा मराठा पलटणीत होते.' एवढ्यावर कुणीही काय शोधणार? १९१४ साली मराठा पलटण एक नव्हतीच. १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ अशा वेगवेगळ्या पलटणी होत्या. १९२२ मध्ये त्या एका रेजिमेंटखाली आल्या आणि प्रशिक्षणाचं ठाणं बेळगावला झालं. त्यानंतरही धागा सरळ राहिला नाही. ११० वी ही तिसरी बटालियन झाली, आणि स्वातंत्र्यानंतर तीच पुढे पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली. ११७ वी पाचवी झाली, ती आजही मराठा लाइट इन्फंट्रीतच आहे. पणजोबा महार असतील तर वाट आणखी वेगळी: १११ महार ही पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर मोडलीही. आजची महार रेजिमेंट १९४१ ची, तिची पहिली बटालियन बेळगावलाच उभी राहिली, पण केंद्र आता मध्य प्रदेशात सागरला आहे.

नावाचाही फारसा आधार नाही. जाधव, पवार, मोरे, शिंदे एकेका पलटणीत ढिगाने, आणि इंग्रजी कारकुनाने कानाला लागेल तसं लिहिलेलं. माणूस वेगळा काढतो तो त्याचा पलटणीतला नंबर. हा नंबर बहुधा घरातच असतो. पहिल्या महायुद्धाचं चांदीचं पदक किंवा त्याच्या जोडीचं काशाचं विजयपदक उजेडात तिरकं धरा. कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली दिसेल. देव उजळावेत तसं दर दसऱ्याला चिंच आणि राख लावून घासलेल्या पदकाची ही अक्षरं पुसट होतात, आणि पुसली की गेलीच.

पलटण कळली की माणूस कुठे होता तेही उलगडतं. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधून मेसोपोटेमियातल्या कुत-अल-अमाराला तुर्कांच्या वेढ्यात सापडल्या. पाच महिन्यांच्या उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली आणि कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं. पुष्कळांना रेल्वेच्या कामावर राबवलं. ज्या घरी 'बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत' एवढंच सांगितलं जातं, त्या घराला हा तपशील मिळायला हवा, असं मला फार वाटतं.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदींत आता या शिपायांची नावं पाहता येतात. पुष्कळांच्या पुढे वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हाही आहे. मात्र जिल्हा त्या काळचा धरा: महाडचा माणूस कुलाब्यात, मालवणचा रत्नागिरीत. आजचे रायगड आणि सिंधुदुर्ग १९८१ चे आहेत.

म्हणून बेळगावची गाडी पकडण्याआधी घरातली पत्र्याची पेटी उघडा. पदक, पेन्शनचा कागद, डिस्चार्जचं पुस्तक, जे निघेल त्यावरचा नंबर आणि पलटण उतरवून घ्या, फोटो काढा. आणि पदक घासू नका.