बाविसाव्या पेनल्टीनंतर

८ फेब्रुवारी २०२४. ढाक्यातील कमलापूरच्या मैदानावर सॅफ स्पर्धेचा, म्हणजे दक्षिण आशियातील एकोणीस वर्षांखालील मुलींच्या फुटबॉलचा, अंतिम सामना रंगला होता. आठव्या मिनिटाला शिबानी देवीने भारताला आघाडी मिळवून दिली. सामना हातात आला असे वाटत असताना भरपाईच्या वेळेत सागरिकाने बांगलादेशला बरोबरी साधून दिली. मग पेनल्टी शूटआउट. एकेक मुलगी पुढे येत गेली आणि एकीचाही फटका वाया गेला नाही. दोन्ही गोलरक्षकांनीही गोल केले. गुणफलक ११-११.

पुढे काय करायचे, याबद्दल फुटबॉलचा नियम निःसंदिग्ध आहे. साऱ्यांची एक फेरी संपली की दुसरी सुरू करायची. निकाल लागेपर्यंत फटके थांबत नाहीत. पण सामना आयुक्तांच्या सांगण्यावरून नाणेफेक झाली आणि कौल भारताच्या बाजूने पडला. भारतीय मुलींनी जल्लोष केला. बांगलादेशच्या मुली हटेनात, प्रेक्षकांतून बाटल्या भिरकावल्या गेल्या. निर्णय फिरवला गेला, तेव्हा भारतीय संघ मैदानाबाहेर गेलेला होता. शेवटी दोघांनाही संयुक्त विजेते जाहीर केले.

या तोडग्याला समंजसपणा म्हणणे मला पटत नाही. १९६८ च्या युरोपीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत इटली आणि सोव्हिएत संघ यांच्यातील सामन्याचा निकाल नाणेफेकीने लावावा लागला होता. तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. खेळाडूंचे भवितव्य नाण्यावर सोडणे अन्यायाचे आहे हे ओळखूनच १९७० मध्ये पेनल्टी शूटआउट नियमात आणले गेले. ज्या अन्यायातून खेळ अर्ध्या शतकापूर्वी बाहेर पडला, तोच ढाक्यात या मुलींच्या वाट्याला आला. मुलींच्या वयोगटातील स्पर्धा म्हणजे एक कार्यक्रम, तो वेळेत उरकला म्हणजे झाले, ही समजूत मला यामागे दिसते. ज्या अधिकाऱ्याकडे अंतिम सामना सोपवायचा, त्याला शूटआउटचा नियम तोंडपाठ असावा, ही अपेक्षा फार मोठी नाही.

या स्पर्धांवर काय अवलंबून असते, ते बांगलादेशकडे पाहिले की कळते. तिथे २०११ पासून प्राथमिक शाळांतील मुलींची देशव्यापी फुटबॉल स्पर्धा सुरू झाली. मैमनसिंह जिल्ह्यातील कलसिंदूर या गावच्या शाळेतून एकामागून एक मुली राष्ट्रीय संघांत पोहोचल्या. २०१७ मध्ये पंधरा वर्षांखालील मुलींनी ढाक्यात भारताला हरवून सॅफ करंडक जिंकला. त्या संघाची कर्णधार मारिया मांडा कलसिंदूरचीच. पुढे २०२२ मध्ये काठमांडूत बांगलादेशने नेपाळला ३-१ ने नमवून महिलांचे दक्षिण आशियाई विजेतेपद मिळवले, तेव्हाही ती मैदानावर होती. त्याआधीची पाचही विजेतेपदे भारताची होती. पाच वर्षांत केवढे अंतर कापले गेले! आणि ते कापले गेले ते याच वयोगटांच्या सामन्यांतून.

ही शिडी फार आखूड आहे. २०२४ च्या त्या स्पर्धेत बांगलादेश, भारत, नेपाळ आणि भूतान हे चारच संघ होते. साखळीचे तीन सामने आणि मग अंतिम. इतकी तोकडी संधी असलेल्या मुलींसाठी तणावाखाली मारलेली एकेक पेनल्टी हे मोलाचे शिक्षण असते. तेविसावा फटका कोणी घ्यायचा, पहिल्या फेरीत यशस्वी झालेल्या कोपऱ्यातच पुन्हा मारायचा का, समोरच्या गोलरक्षकाने काय हेरले असेल, हे प्रश्न त्या वयात सोडवायला मिळणे ही प्रत्येक खेळाडूची गरज आहे. नाण्याने ती त्यांच्याकडून हिरावून घेतली.

संयुक्त विजेतेपदाने सुटका झाली ती अधिकाऱ्यांची. भारताच्या मुलींचा काही दोष नव्हता. जिंकलात असे सांगितले गेले आणि त्यांनी आनंद केला. बांगलादेशच्या मुलींची मागणी नियमाला धरून होती. हरणाऱ्या संघाला त्या रात्री फार दुःख झाले असते, हे खरे. पण पराभव पचवायलाही मुली शिकतात, आणि बावीस अचूक फटक्यांनंतर आलेला पराभव लाजेचा नसतोच. त्यांना पुन्हा एकदा त्या ठिपक्यापाशी उभे राहू द्यायला हवे होते.